तवा खरवडला तरी गप्प

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

लेकाकडे सुखरूप आहे. साखर आटोक्यात आहे, काळजी करू नकोस. दर आठवड्याला टोचतात ते इंजेक्शन आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत हौस, इच्छा जागवणाऱ्या डोपामिनवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून खा-खा कमी होते."

"आणि बाकीची हौस?" मी विचारलं. बाई हसल्या. हसायला काय झालं?

आता चहाही नकोसा वाटतो. शब्दकोडं कोरंच पडतं. काल सूनबाईने माझा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने खरवडला आणि कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनाही उलट उत्तर देणारी मी चक्क गप्प बसले! तेव्हा मात्र घाबरले गं, म्हणून आज हे पत्र लिहायला घेतलं.

तुझे गुडघे कसे आहेत? रोज फोन करून भांडण काढ. मी चिडले नाही, तर येऊन मला घेऊन जा.

तुझी, अजून तरी भांडकुदळ,
ताई