बोट उचलायचं नाही

देवाला स्मरून, आणि अंगात ताप, डोक्यात भ्रम किंवा मानेवर कुणाचा हात नसताना, मी पांतासिलेया, बोलोन्याचे दिवंगत ल्यूटकार आन्निबाले यांची मुलगी, वय वर्षे चोवीस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. सकाळी वाटीभर घेवड्याचं सूप प्यायले आणि ते पोटात राहिलं. पण परवा, संत मात्तेओच्या सणाला, मी आमच्या परसामागच्या सांता एउजेनिया मठात शपथ घेणार आहे. तिथे मला जमिनीवर आडवं करून वरून काळं कापड घालतील, आणि त्याखालून उठेन तेव्हा कायद्याच्या हिशेबी मी मेलेली असेन. मेलेल्या बाईचं स्वतःचं काही असत नाही. म्हणून जे आहे ते आधीच वाटून टाकावं, अशी आमच्याकडे रीत आहे.

आधीच्या कागदावर पहिल्याच ओळीत मी 'मला भीती वाटते' असं लिहिलं होतं. नोटरी सेर व्हितालियानो समोर बसले आहेत, त्यांनी कागद बदलायला लावला.

"पोरी, मृत्युपत्रात भीती लिहीत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"मन सुदृढ आहे, असं लिहितात."

तर माझं मन सुदृढ आहे आणि मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे. आता पुन्हा कागद बदलणार नाही, कागद महाग झालाय.

पहिलं. घरातला, कारखान्यातला आणि माळ्यावर वाळत घातलेल्या लाकडातला माझा वाटा मी माझा भाऊ एर्कोले याला देते. त्यावर माझा किंवा मठाचा पुढे काही हक्क राहणार नाही. शिवाय दुकानातला हिरवा पडदाही दादालाच देते. तो घेताना त्याला कसं वाटेल ते मला माहीत आहे, आणि तसंच वाटावं अशी माझी इच्छा आहे.

पडद्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे अशी पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की बाबा भोपळ्यासारख्या पोटाची एखादी ल्यूट उचलून "सूर लावून आणतो" म्हणत आणि पडद्याआड नेत. तिथे मी बसलेली असायचे. मी वाजवायचे, गिऱ्हाईक बाहेर ऐकायचं, आणि वाजवतोय तो कुणी कारागीर असेल असं समजायचं. खोटं कुणी बोललं नाही, खरं कुणी सांगितलं नाही. परक्या पुरुषांसमोर ल्यूट वाजवणारी मुलगी म्हणजे कोण, ते आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

आणि पडद्याआडून मी काय काय ऐकलंय! ल्यूटचा आवाज लहान असतो. आतड्याची तात छेडली की सूर निघाल्या क्षणापासून विझायला लागतो. तो ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागतं, श्वास धरावा लागतो, आणि एकदा तो तसा वाकला की त्याचं स्वतःवर काही चालत नाही. घासाघीस करायला आलेला धान्याचा व्यापारी मध्येच गप्प झाला आणि सांगितलेली किंमत देऊन गेला. एक पोक्त वकील "आई" एवढंच म्हणाला. मी आत बसून ओठ दातांत धरून वाजवत होते, कारण मलाही रडू यायचं, आणि रडणारा कारागीर कुणी पाहिलाय?

मग मेसेर ओताव्हियो आले. विद्यापीठात कायदा शिकवतात, विधुर आहेत. बाबांच्या मागे दोन वर्षांनी त्यांनी दादाकडून ल्यूट घेतली आणि दहा दिवसांनी परत आले.

"ही ती ल्यूट नव्हे. तुम्ही बदललीत."

"मेसेर, तीच आहे. आत बाबांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे, बघा."

"चिठ्ठी राहू द्या. मी इथे रडलो होतो. घरी वाजवतो तर मी कोरडा ठणठणीत."

प्रकरण कारागिरांच्या संघापर्यंत गेलं. चार वडीलधारी माणसं आली. त्यांनी ल्यूट टकटक करून पाहिली, सरसाचा वास घेतला, खुंट्या काढल्या, पोटात आरसा घालून आतल्या लाकडी फासळ्या मोजल्या. दोष सापडेना आणि मेसेर मागे हटेनात. वाजवणारा कोण होता, हे मात्र चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लाकूड बघायची सवय झालेली माणसं लाकूडच बघतात. फसवणुकीचा ठपका आला असता तर कारखाना बंद झाला असता. मी आत बसलेली असताना दादाने पडदा बाजूला ओढला आणि म्हणाला, "ल्यूट तीच आहे. हात हिचा होता."

कारखाना वाचला. माझं ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. बाजारात बायका मला बघून वाट सोडायला लागल्या, पाद्री घरी येऊन बसले, आणि सहा महिन्यांत मठाचं पक्कं झालं. सेर म्हणतात, भावाला माफ केलं असं लिही, आत्म्याला बरं असतं. लिहिते की प्रयत्न करीन. तिथे वेळच वेळ आहे. तो घाबरला होता, एवढं मला कळतं. आता मीही घाबरले आहे.

पडद्याला एक अट आहे. त्याच्यामागे पुन्हा कुणालाही बसवायचं नाही. दादाने त्याची फडकी करावीत आणि सरस पुसावा.

दुसरं. बाबांचा अंगठ्याएवढा रंधा आणि फासळ्या वाकवायचं लोखंड उल्रिखकाकांना द्यावं. तीस वर्षं आमच्याकडे काम करून त्यांना आमची भाषा धड येत नाही, पण पडदा ओढला तेव्हा उठून माझ्यापुढे उभे राहिले ते एकटेच.

तिसरं. माझे कपडे, पोवळ्यांची माळ आणि पेटीत जे काही सापडेल ते न मोजता पास्क्वा मोलकरणीला द्यावं. परवा माझे केस कापतील. ते घरी आणून कुणी जपून ठेवू नयेत. आईचे ठेवले होते, मला ते डब्यात बघून फार भीती वाटायची.

चौथं. मेसेर ओताव्हियोंना मी ते देते, जे त्यांना ल्यूटबरोबर मिळालं नव्हतं. ते माफी मागायला महिन्यात तीनदा आले. आज साक्षीदार म्हणून बाकावर बसलेत आणि हातातली टोपी फिरवतायत. सेर म्हणाले की साक्षीदाराला वारसा देता येत नाही; उल्रिखकाकांची हत्यारंही त्यांनी मजुरीची बाकी म्हणून धरली. मी विचारलं, गुपित ही मिळकत आहे का? सेरनी दाढी खाजवली आणि म्हणाले, नसावी. तर मेसेर, ऐका. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना दुसरं बोट तातीवर पोचेपर्यंत पहिलं उचलायचं नाही. एवढंच आहे. सगळे लवकर उचलतात, कारण दुखतं. तुम्हीही उचलता, मी दुकानात ऐकलंय. उचललंत की सूर तुटतो आणि मागे नुसती टकटक राहते. धरून ठेवलंत की विझणारा सूर पुढच्या सुराच्या हातात हात देऊन जातो, आणि माणसाला आपलं जे जे निसटलं ते आठवतं. बाबांनी मला हे सातव्या वर्षी शिकवलं. जाताना मी त्यांच्या उशाशी त्यांची आवडती पाव्हाना, ती संथ नाचाची चाल, वाजवत होते, तेव्हाही ते डोळे मिटून म्हणाले, "सिलेया, घाई नको. बोट उचलायचं नाही." मी शेवटचा सूर धरून ठेवला. तो संपला तेव्हा बाबा नव्हते. त्यांना जाताना त्रास झाला नाही असं सगळे म्हणतात. मी ते कधी धड विचारलेलं नाही.

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते लिहिते.

मठात वाद्य नेता येत नाही. वरून नवं फर्मान आलंय. गळ्याने गावं, एका बहिणीने ऑर्गन वाजवावा, बाकी तातीबिती बाहेर. माझी आत्या तिथेच आहे, सिस्टर बेनिन्या. गेल्या महिन्यात तिला मठाच्या भेटीच्या जाळीपाशी भेटायला गेले होते.

"आत्या, बाहेरचं आत ऐकू येतं का गं?"

"येतं की. तुमच्या कारखान्यातली करवतसुद्धा येते."

"मग रडू येतं?"

"पहिल्या वर्षी फार यायचं. रस्त्यावर कुणी शीळ घातली तरी यायचं. आता ऐकू येतं, पण लागत नाही." आणि मग माझ्या बोटांवर जाळीतून बोट ठेवून म्हणाली, "बरं असतं ते, बाळ. बघशील."

त्या दिवसापासून मला झोप नाही. चार भिंतींची मला भीती नाही, मी बारा वर्षं पडद्यामागे काढलीत. उपवासाची नाही, कापडाखाली पडण्याचीही नाही. त्या 'बरं असतं'ची भीती वाटते. एक दिवस भिंतीपलीकडून पाव्हाना ऐकू येईल आणि मी वाटाणे सोलत राहीन, याची भीती वाटते. तसं झालं तर मी खरोखरच मेले, मग काळ्या कापडाखालून उठले काय आणि न उठले काय.

म्हणून पाचवं. बाबांनी माझ्यासाठी केलेली ल्यूट मी माझ्या वहिनीला, एर्कोलेची बायको दोमितिला हिला देते.

हे वाचून दादा हसेल. माझं आणि वहिनीचं विळ्याभोपळ्याचं नातं साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. "वन्संना काय, दिवसभर टुंगटुंग करायचं. आम्ही आहोत डाळी निवडायला," हे मी आठ वर्षं ऐकलं. पण गेल्या ईस्टरच्या आठवड्यात मी प्रार्थनेहून लवकर परतले, तर ही माझ्या खोलीतून बाहेर येत होती.

"जळमटं काढत होते, वन्सं."

मी ल्यूट उचलली. "मान गरम आहे, वहिनी."

"उन्हाने झाली असेल."

"आणि डाव्या बोटांवर तातीचे वळ उठलेत, ते पण उन्हाने?"

तिने हात पाठीमागे घेतला आणि रडायला लागली. चोरून ऐकून ऐकून निम्मी पाव्हाना शिकली होती, लग्न झाल्यापासून. मी तिला बसवून ऐकलं. पहिलं बोट लवकर उचलते, नखं वाढलेली, बसते पोत्यासारखी. आणि तरी निम्म्यात आल्यावर मला भिंत धरावी लागली. तेव्हापासून आम्ही भांडतो ते फक्त लोकांसमोर.

ल्यूटची अट अशी: रोज दुपारच्या घंटेनंतर, मठातल्या बहिणी बागेत कामाला येतात तेव्हा, वहिनीने आमच्या परसात अंजिराच्या झाडाखाली, भिंतीला पाठ लावून, उघड्यावर बसून पाव्हाना वाजवावी. मठाच्या आत वाद्याला बंदी आहे. आमच्या अंजिराला अजून कुणी बंदी घातलेली नाही. दादाने अडवलं तर ल्यूट उल्रिखकाकांकडे सांभाळायला जावी, आणि त्यांनी त्याच जागी बसून वाजवावी. ते वाईट वाजवतात, पण हट्टी आहेत.

हे काल वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला निम्मीच येते."

"निम्मी वाजव."

"आणि चुकले तर? पलीकडे सगळ्या मठाला ऐकू जाणार."

"चुकलीस तर मी चिडेन. दात ओठ खाऊन चिडेन. तेवढं तरी होऊ दे मला."

तिने आपली वाढलेली नखं चाचपली. मग म्हणाली, "मग मी मुद्दाम चुकत जाईन, वन्सं. अधूनमधून. तुम्ही आहात का बघायला."

मी तिला सांगितलं की खबरदार.

शेवटचं. परवा मला घरापासून मठाच्या दारापर्यंत चालत नेतील. परसाच्या बाजूने नेतील. त्या वेळी वहिनीने अंजिराखाली बसावं. शेवटचा सूर मी उंबऱ्यावर असताना यावा, आणि दार लागल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिने बोट उचलू नये. दुखलं तरी नाही.

यापूर्वी मी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

बोलोन्या, आमच्या राहत्या घरी, १९ सप्टेंबर १५८५.

सही: पांतासिलेया, आन्निबाले ल्यूटकार यांची मुलगी

साक्षीदार:
ओताव्हियो, कायद्याचे अध्यापक
उल्रिख, ल्यूटकारागीर (सहीऐवजी रंध्याची खूण)

मी, नोटरी व्हितालियानो, प्रमाणित करतो की वरील मजकूर बाईंनी माझ्यासमोर लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि मान्य केला. उजव्या हाताने सही करताना त्यांनी डाव्या हाताची चार बोटं मेजाच्या कडेवर दाबून धरली होती. मी शाईवर वाळू टाकली, कागद गुंडाळला, लाख लावली. साक्षीदार उठून दारापर्यंत गेले. बोटं तोवर तिथेच होती.