गजराचं घड्याळ आणि गळ्यातली ग्रंथी

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरकीच्या अभ्यासात तू मान वर करत नाहीस, असं ताई म्हणाली. जरा वर कर. मामा प्रेमात पडला आहे.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आल्या, आणि तेव्हापासून माझी छाती धडधडते आहे. झोप उडाली. दोन माणसांचं जेवतो, तरी विजार कमरेवर ठरत नाही. थंडीतही घाम फुटतो. हात तर असे थरथरतात की बारीक स्क्रू चिमट्यातून निसटतात. त्यामुळे बाईंचं घड्याळ दर आठवड्याला बिघडून परत येतं, आणि त्याच्याबरोबर बाईही येतात. घड्याळजी म्हणून माझी अब्रू जाते आहे, पण तक्रार कुठल्या तोंडाने करू?

येत्या रविवारी त्यांना लग्नाचं विचारणार आहे. ताईला इतक्यात बोलू नकोस, ती गावभर करेल.

लोभ आहेच, थट्टा तेवढी आवरती घे.

तुझा मामा

ता. ७ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मग पुस्तक उघडलं आणि हसू ओसरलं. मामा, रविवारी काही विचारू नकोस. तुझी सगळी लक्षणं थायरॉइड नावाच्या गळ्यातल्या ग्रंथीच्या धड्यात आहेत.

बोट भाजलं की हात झटकन मागे येतो, कारण तो निरोप मज्जातंतूंवरून क्षणात पोचतो. दुसरे निरोप ग्रंथी रक्तात सोडतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात. ती सावकाश निघतात, पण घरोघरी कडी वाजवतात. थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की सारं शरीर विनाकारण धावत सुटतं. मेंदूखालची पियुषिका या ग्रंथीला आवर घालते, पण तुझी बहुधा तिला जुमानत नाही.

रक्त तपासून घे. नाडी सकाळी उठल्या उठल्या मोज, बाई दुकानात असताना नव्हे. आणि दुरुस्तीला आलेलं घड्याळ लावून मोजू नकोस, तुझा भरवसा नाही. धडधड ग्रंथीची की तुझी, हे कळल्याशिवाय त्या बाईंना गुंतवणं बरं नाही. मला तुझी काळजी वाटते.

माया कमी करू नकोस, राग तेवढा कमी कर.

तुझी भाची

ता. २० मे

चि. भाचीबाईंस आशीर्वाद.

तू जिंकलीस, ग्रंथीच निघाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नाडी ताळ्यावर आली, विजार घट्ट झाली, हात स्थिर झाले. त्या हातांनी बाईंचं घड्याळ एकदाचं नीट केलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. चालणारं घड्याळ घेऊन दुकानात कोण येणार?

खरं सांगतो, शेवटच्या वेळी बाई समोर बसल्या होत्या तेव्हा छाती मुळीच धडधडली नाही. त्या गेल्यावर मात्र करमेना. एवढी घड्याळं टिकटिकतात, तरी दुकान सुनं वाटलं. ही कुठली ग्रंथी ते कळव, तिचीही गोळी घेईन.

हिरमुसलेला मामा

ता. २४ मे

ती. मामास सा. न. वि. वि.

सगळं पुस्तक पालथं घातलं. न करमण्याची ग्रंथी त्यात नाही. मेंदूत याचंही काहीतरी चालत असणार, पण गोळी नाही. हे दुखणं तुझं स्वतःचं आहे. आता रविवारची वाट बघू नकोस, रस्ता ओलांड. थायरॉइडच्या गोळ्या मात्र चुकवू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

भाची

ता. २९ मे

चि. भाचीबाईंस आशीर्वाद.

रस्ता ओलांडावा लागला नाही. पायात जोडे चढवत होतो, तोच बाई आल्या. हातात तेच घड्याळ, बंद पडलेलं. पूर्वी मी निमूट माफी मागितली असती. या वेळी झाकण उघडून पाहिलं, तर आतला एक स्क्रू चांगला दोन फेरे सैल. माझे हात आता थरथरत नाहीत, म्हणून छातीठोकपणे सांगतो, तो मी घट्ट बसवला होता. आणि एवढा बारीक स्क्रूड्रायव्हर आमच्या गल्लीत दोनच दुकानांत आहे, एक माझं आणि दुसरं चष्म्याचं.

मी मान वर केली. पंख्याखाली उभ्या असूनही बाई कपाळावरचा घाम टिपत होत्या. मी त्यांना थायरॉइड तपासून घ्यायला सुचवलं. त्या म्हणाल्या की मार्चमध्येच तपासली, ती अगदी ठणठणीत आहे.

मग मी विचारायचं ते विचारलं. ताईला आता सांगायला हरकत नाही.

सुखात असलेला,

मामा