पोटातले जंतू आणि पर्मनंट नोकरी

१ मार्च १९५६, गुरुवार.
पंधरा तारखेला कारखान्यात मेडिकल. पास झालो की फिटर म्हणून पर्मनंट. पाठीवर खवल्यांचे चट्टे आहेत, सकाळी बोटं वळत नाहीत. एवढं सोडलं तर तब्येत उत्तम.
पुण्याच्या डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, आतड्यात असंख्य जंतू असतात, काही चांगले, काही वाईट. त्यांचा तोल बिघडला की कातडी न् सांधे सुजत असावेत, असा काहींचा कयास आहे. अजून खात्री नाही. गोळ्या नेमाने घ्या, हातांना विश्रांती द्या.
मुद्दा कळला. वाईट जंतू हाकलायचे. दोन आठवडे भरपूर झाले.
बायकोला, सलिमाला, फक्त पोट बिघडलंय म्हणालो.

२ मार्च.
आजपासून ताक-भाकरी. मटण बंद. चहा बंद.

३ मार्च, शनिवार.
चाकणच्या बाजारात मेहुणा भेटला. त्याच्याकडे मटण. जंतूंना एकदम उपाशी ठेवलं तर बिथरतील. सोमवारपासून कडक.

७ मार्च.
सहा तांबे ताक. मानेवर नवा चट्टा. म्हणजे जंतू बाहेर पडतायत. चांगलं लक्षण.

१० मार्च.
हातातून पाना सुटला. शेजारच्या मशीनवरचे अर्जुनराव म्हणाले, लालभाई, हात दाखवा. पान्याला तेल होतं म्हणालो. एवढ्या उकाड्यात फुल शर्ट का, असं विचारलं, तर म्हटलं, फॅशन.

१४ मार्च.
गोळ्या सुरू केल्या नाहीत. आधी जंतू जाऊ देत. शेवटचा हल्ला: एरंडेल, दुप्पट.

१५ मार्च, दुपारी.
सकाळपासून संडासाच्या चार फेऱ्या. पाचव्यांदा आतली कडी निघेना. बोटं आखडून बसलेली. कारखान्याचा भोंगा आतूनच ऐकला. कुणालाही हाक मारायची नाही असं ठरवलं. अर्ध्या तासाने मारली. सगळी चाळ जमली. अर्जुनराव मला न्यायला आले होते, त्यांनी दार बिजागऱ्यांतून काढलं.
मेडिकलला पोचलो. डॉक्टर म्हणाले, शर्ट काढा. बटणं त्यांच्या कंपाउंडरने काढली. सहा महिने अनफिट.

१६ मार्च.
सलिमाला पाठ दाखवली. सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, दोन वर्षं रोज सकाळी तुमच्या चादरीवरचे खवले मीच झटकते. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते.
मला वाटत होतं, घरात फक्त मलाच माहीत आहे.