बाकावरच्या आजींनी ओवलेली सुई

सौ. घरधनिणीस,

आम्ही सगळे खुशाल आहोत. इकडे लेकीच्या परदेशात संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन हटत नाही. तू गॅस नीट बंद करतेस ना? गोळ्या संपल्या नाहीत ना?

काल लेकीबरोबर बागेत गेलो. ती पाणी आणायला गेली आणि माझ्या शर्टाचं बटण तुटलं. माझ्यासारख्या शिंप्याच्या कॉलरखाली सुई-दोरा असतोच, पण दोरा काही सुईत जाईना. बाकावर एक परकं म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांची भाषा मला येत नाही. त्यातल्या आजींनी हसत हात पुढे केला आणि एका झटक्यात सुई ओवून दिली. वयाने माझ्याहून मोठ्या, आणि चष्मासुद्धा नाही!

लेक परत आली तर मी बनियनवर. "बाबा, चारचौघांत शर्ट काढलात?" म्हणून ओरडली. मग आजींशी बोलून मला म्हणाली, "यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. यांच्यापेक्षा आजोबाच जास्त घाबरले होते म्हणे." आजोबांनी मान डोलावली आणि आपल्यातली अर्धी काकडी मला दिली.

मी आल्याशिवाय मोतीबिंदूच्या डोळ्याला डॉक्टरांना हात लावू देऊ नकोस, असं तुला मीच बजावलं होतं. ती भीती माझी होती, तुझी नव्हती. डॉक्टरांना सांगून जवळची तारीख घे.

कळावे, काळजी करण्यात पटाईत असा

तुझा मी

ता. क. सूनबाई, एवढं वाचून दाखवलंस की तिचा हात धर. माझा इथून पोचत नाही.