कौसल्याबाईच्या बांधीत निंदणाचं यंत्र

१८ जुलै
एसटीने सिंदेवाही, पुढे आमच्या कॉलेजच्या तबस्सुमच्या वडिलांच्या टेम्पोतून. भातातलं निंदण करणारं तिचं यंत्र शेतात चाचणीला सोडण्याजोगं आहे का, हे मी ठरवायचं. कॉलेजात दुसरं कुणी रिकामं नव्हतं. बापलेकीने ते चंद्रपुरात आपल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलंय. दिसतं पाळण्याला चाकं लावल्यासारखं, पुढे रोपं बघायला दोन कॅमेरे. यंदाचं निंदण हुकलं तर तिने पुण्याची नोकरी धरायची, असा घरचा करार. म्हणजे माझ्या एका 'नाही'वर पोरगी पुण्याला. कुणाला एवढी कडक शिक्षा द्यायचा अधिकार मला आजवर नव्हता.

गावच्या कौसल्याबाईने आपली एक बांधी, म्हणजे भाताचं एक खाचर, देऊ केलीय. यंत्राला ओळी लागतात, म्हणून दोरी धरून रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चाललाय. बायका वैतागल्यात. "हात जाते तिथी रोवतो आम्ही. धानाले का कवायत करायची हाय?"

२० जुलै
रोवणा संपला. यंत्र शेजारच्या रिकाम्या बांधीत, नुसतं चालून दाखवायला. झकास चाललं. 'समाधानकारक' हा शब्द तोंडात घोळवत होतो, तेवढ्यात बायका आल्या, ओंजळीत चिखल. शेवटच्या दिवशी इथे समोर येईल त्याला फासतात. मला फासला, तबस्सुमला फासला, मग यंत्राला. फार आपुलकीने, दोन्ही कॅमेऱ्यांवर.

यंत्राने थांबायला हवं होतं. ते पळत सुटलं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, फुटक्या जागेतून थेट नव्या रोवण्यात. मागे तबस्सुम, तिच्यामागे बायका, सर्वांत मागे समाधानकारक मी. तिने खिशातलं थांबवायचं बटण काढून दाबेपर्यंत रोपांचा एक पट्टा आडवा.

कौ.बाई : "काऊन वो मॅडम, तुमच्या गाडीले काही लाजशरम?"

२१ जुलै
कारण सापडलं. दुकानात कॅमेऱ्यावर काळा कागद लावून तपासलं होतं. काळं दिसलं की थांब. काल सगळीकडे चिखलच दिसला, रोप एकही नाही. म्हणजे रान मोकळं, हाणा! असे साहेब पाहिलेत मी, पण ते चाचणीशिवायच सुटलेले.

मी : "चिखल लावून काऊन नाही पाहिलं?"
"सर, आमच्या दुकानात चिखल कुठी हाय?"

'नाही' लिहिणारच होतो. तिने आठवडा मागितला. दिला. कौ.बाईने आम्हा दोघांना बांधीत उतरवून पट्टा पुन्हा रोवून घेतला. माझी रोपं संध्याकाळी तरंगत होती.

२९ जुलै
नवी अक्कल : चाकं फिरतायत आणि चित्र बदलत नाही, म्हणजे डोळे गेले, थांब. बायकांना पुन्हा चिखल घेऊन बोलावलं. आधी लाजल्या, मग आवरेनात. एका डोळ्यावर : थांबलं. दोन्ही : थांबलं. पातळ चिखल : थांबलं नाही, गोगलगायीसारखं सरकत राहिलं. याला पास म्हणू की नापास? तबस्सुम माझ्या तोंडाकडे बघतेय.

कौ.बाईला म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.
"बांधी माही हाय न, मंग? मी चालतो त्याच्या मांगं. बिघडलं का बोंब मारतो."

५ ऑगस्ट
धुऱ्यावर बसून लिहितोय. शेवटी 'हो, पण' लिहिलं. एकच बांधी, आणि थांबवायचं बटण कौ.बाईच्या हाती. सकाळी पाऊस झाला, बांधीतलं पाणी गढूळ. पातळ चिखल आयताच. तबस्सुमचे वडील दुकान बंद ठेवून आलेत. टेम्पोत सगळ्या वाटेने बोलत होते, आता धुऱ्यावर येरझाऱ्या घालतायत.

यंत्र पहिल्या ओळीत उतरलं. हळू. मागे कौ.बाई, बटण मुठीत, वाकून एकेक रोप बघत. ओळ निम्मी झाली.

तबस्सुमला राहवेना. "कसं हाय, बाई?"
"थांब वो पोरी, पाहून राह्यलो."

कौ.बाईने मान अजून वर केलेली नाही, बटणही दाबलेलं नाही.