मेहुण्याच्या हातची दोरी

१० फेब्रुवारी १९६६, गुरुवार. सालवड.
आज सुट्टीच. शनिवारपासून भांगाचं पाणी, ओढ कमी, तेव्हा उतरायचं. चरात सुरुंगाने फोडलेले दगड अजून ढीगभर पडलेत. साहेब म्हणतात पावसाळ्याआधी चर मोकळा हवा, वीजकेंद्राला समुद्राचं पाणी त्यातूनच घ्यायचंय. साहेबांना काय, ते चर कागदावर बघतात. आम्ही चौघे पाणबुडे तो हाताने चाचपडतो.
संध्याकाळी आमच्यातला जनू आला, त्याच्या गावचे, दातिवऱ्याचे सुके बोंबील घेऊन. शकूला म्हणतो, "वयनी, तुमचा भाऊ बंडू होडीवर दोरी धरून झोपतो. एक दिवस वसंतला खालीच ठेवील." शकू लाटणं घेऊन मागे लागली. खूप हसलो.

१२ फेब्रु., शनि.
जनू गेला. पाण्यात.
पुढे लिहवत नाही.

१३ फेब्रु., रवि.
मीच त्याला वर आणला. दुसरं कोण उतरणार होतं?
खाली गढूळ, हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. चाचपडत गेलो. आधी दोरी लागली. दोन दगडांच्या फटीत करकचून रुतलेली, ताठ. हवेची नळी दोरीलाच बांधलेली, आणि नळी सांध्यापासून उखडलेली. जनूचा एक हात फटीत होता. सोडवत असणार बिचारा. चाळीशीसुद्धा गाठली नाही.
होडीवर त्याची दोरी हरीच्या हातात होती. हरी म्हणजे जनूच्या बायकोचा, यमुनेचा भाऊ, त्याचा सख्खा मेहुणा. होडीत तो उकिडवा बसून एकच म्हणत होता, "हिसकं आलं, मी वढली. हिसकं आलं, मी वढली."
दातिवऱ्यात आज एकही होडी बाहेर गेली नाही. यमुना रडली नाही. मला बघून आत गेली.

१५ फेब्रु., मंगळ.
साहेबांनी बोलावलं. मी सांगितलं, नळी खडकात अडकली. खोटं नाही. ते म्हणाले, फार वाईट झालं, आणि घड्याळ बघितलं.
दोरी किती ताठ होती ते कोणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

१७ फेब्रु., गुरु.
जेवण जात नाही. सारखा तोच विचार.
चार हिसके म्हणजे वर घ्या. पण आले म्हणून लगेच ओढायचं नसतं. आधी तेवढेच हिसके उलट द्यायचे, खालून पुन्हा आले की मग ओढायचं, तेही बेताने, नळी कुठे अडकत नाही ना बघत. हरीला हे पाठ आहे. गेली दोन वर्षं तो हेच करतोय.
अण्णा आमचा मुकादम. तुतिकोरीनकडचा, त्याचा बाप मोती काढायला बुडी मारायचा. दोरी बायकोच्या भावाच्याच हातात द्यायची हा त्याच्या गावचा नेम त्याने इथे लावला. "साला पकड़ेगा तो बहन का सोचेगा." आम्हा सगळ्यांना पटलं होतं. बंडूला मी केळव्याहून त्यासाठीच आणला, नाहीतर तो सुपारीच्या वाडीत बरा होता.
आज वाटतं, बहिणीचा विचार आला म्हणूनच हरी थांबला नाही. परका असता तर हिसके मोजले असते, उलट दिले असते. हरी घाबरला आणि जीव खाऊन ओढत सुटला. नळी फटीत तुटली ती त्याच्या ओढण्यानेच.
की आधीच तुटली होती, आणि जनूने खरंच चार हिसके दिले? ते एकट्या जनूला माहीत. चीड येते. कोणावर, ते कळत नाही.

२१ फेब्रु., सोम.
दहावं. आम्ही सगळे दातिवऱ्याला.
दुखवट्याचं लुगडं हरीने आणलं. यमुनेने हात पुढे केला नाही. लुगडं ओट्यावर तसंच पडलं, बायका वळसा घालून जात होत्या. शेवटी तिच्या सासूने उचलून आत नेलं. हरी माडाकडे तोंड करून उभा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. गावात कुजबुज आहे. मी जवळ गेलो तर म्हणाला, "वसंतदादा, मी मोजलं नाय. माजी छातीच ऱ्हायली नाय."
पाठीवर हात ठेवला.

२४ फेब्रु., गुरु.
सोमवारी पुन्हा भांगाचं पाणी. उतरावं लागणार. पहिला मी.
अण्णाला बाजूला घेऊन म्हटलं, माझी दोरी तू धर, बंडू नको. म्हातारा म्हणाला, "अभी बदलेगा तो सब बोलेगा, हरि ने मारा. वो लड़का मर जायेगा."
खरंय. पण मी मेलो तर?
घरी शकूला कळलंच, बंडूने चोरून ऐकलेलं तिला सांगितलं. भडकली. "माझ्या भावाने काय केलंय? त्याच्यावर विश्वास नाही तर माझ्यावर तरी आहे का?" म्हटलं, विश्वास आहे, पण त्याला तुझी माया फार, तीच भीती आहे. तिला कळलं नाही. भांडी आपटली. जेवलो नाही दोघंही.

२७ फेब्रु., रवि.
यमुनेचा निरोप आला, येऊन जा. सफाळ्यापर्यंत गाडीने, पुढे बैलगाडीत.
ती ओट्यावर वाकटी मासळी सुकत घालत होती. हरी दारात बसलेला. मला वाटलं आत नेऊन विचारील. नाही, त्याच्या समोरच.
"भावजी, तुमी त्यांना वर आणलं. दोरी कशी व्हती? ढिली का ताठ?"
मी हरीकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.
"ताठ," मी म्हटलं. "पण त्यावरून काही कळत नाही यमुने. जनूनेच बोलावलं असेल. देवाशपथ, मला माहीत नाही."
तिने टोपली खाली ठेवली. "हा बी तेच बोलतो, मला म्हाईत नाय. गाव बोलतं, यानं मारलं. सासू बोलते, याला दारात उबा करू नको. माजा एकच भाव हाय. त्याला घरात घेऊ का नको, ते मला कोन सांगनार?"
तिने पदराला हात पुसले.
"उंद्या तुमी उतरनार ना? दोरी याच्या हातात द्या. तुमी दिली तर मी बी त्याला घरात घेन."
हरी ताडकन उठला. "नको दादा. माज्या हातात नको देऊ." रडायला लागला, मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा.
"तू गप ऱ्हा," यमुना त्याला म्हणाली, आणि माझ्याकडेच बघत राहिली.
हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सरळ निघालो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.
दिवेलागणीला घरी. शकूने चहा दिला, तीन दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. उद्या पाणी दुपारी थांबेल, तर बंडूला किती वाजता पाठवू, म्हणाली.
सांगतो, म्हटलं.