खांब नसलेले गायनगृह

नवी दिल्ली, १० मार्च १९३९

आईच्या पायांवर भरमूचे डोके.

मी खुशाल आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

आम्ही सुतार ज्या गायनगृहात काम करतो, त्यात एकही खांब नाही. भिंतींना आतून पोकळ फळ्या लावतो. कशासाठी, ते कोणी सांगत नाही.

आपल्या अंबूच्या लग्नाला रजा मिळेना. म्हणून निपाणीचा जिनपाल काल रंगमंचावर माझ्या कानात कानडीत कुजबुजला, "आई लई आजारी हाय म्हणून सांग रं. हितं कानडी कुणाला कळतीया?"

तोच पार शेवटच्या रांगेतून मोठे मिस्त्री कानडीतच म्हणाले, "आईला कशाला आजारी पाडतोस? लग्नाला जा की!"

एवढ्या लांब कुजबुज पोचतेच कशी? आणि ते धारवाडचे निघाले, तर आजवर आमच्याशी हिंदीतच का बोलत होते?

रजा मिळाली. पण देताना ते हसले, त्याचीच धास्ती वाटते. येताना बेळगावचा कुंदा आण म्हणाले. त्यांना खरेच कुंदा हवा आहे, की तो घेऊन मला कामावरून काढून दारातूनच परत पाठवायचे आहे, कळत नाही.

तरी हलवायाकडे कुंदा सांगून ठेव. शेरभर असू दे, थोडा नको.

तुझा लेक,
भरमू